रेडिओला करमत नाही

बायको शिवम्मा वारल्यापासून सोनपेठच्या बसवंतअप्पांच्या घरात बोलणारा एक रेडिओच उरला होता, आणि तोही मनाला येईल तेव्हा मधेच गप्प व्हायचा. अप्पांनी दोनदा एसटीनं मांडीवर घेऊन परभणीला नेला. रज्जाक मिस्त्रीच्या दुकानात मात्र तो दिवसभर गायचा.

"अप्पा, ह्याला काय न्हाई झालं. तुमच्याकडं करमत नसंल त्याला."

"मला तरी कुठं करमायलंय?"

पुढं रज्जाक सासुरवाडीला सोनपेठला आला, तेव्हा सासूच्या आधी रेडिओला भेटला. रेडिओवर जाड दसुतीचा गलेफ होता, त्यावर दोन हिरवे राघू भरलेले. मागची हवेची भोकं पार झाकून गेलेली.

"जीव गुदमरायलाय ह्याचा! तापतो अन् बंद पडतो. माझ्या दुकानात उघडा असतो, म्हणून गातो. एवढा गलेफ काढा, जल्मभर बोलंल."

"शिवम्मानं भरलाय," अप्पा म्हणाले. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवसापतोर भरत होती."

रज्जाक चहा पिऊन सासूकडं गेला.



त्यानंतर कुणी विचारलं, "अप्पा, रेडिओवरच्या नाटकात शेवटी काय झालं?" तर अप्पा म्हणायचे, "सुरुवातीचं विचार."