तिरका पट्टा

"हा आमचा धाकटा," दादाने बरोबरच्या दोघा कार्यकर्त्यांना सांगितले. "रंग भरायचा पगार घेतो. लहानपणी भिंती रंगवायचा तेव्हा मार खायचा." दोघे हसले. धाकटाही हसला, सवयीने.

मतमोजणी केंद्राच्या दारात दादाला बसवेना, म्हणून तो उठून थेट धाकट्याच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आला होता. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर धाकट्याने निकालासाठी काढलेले चित्र होते : डावीकडे जुनी नगरपालिका, उजवीकडे नवी. प्रत्येक प्रभागातून एक रंगीत पट्टा निघून पलीकडे जात होता. जागा त्याच पक्षाकडे राहिली तर सरळ, दुसऱ्याकडे गेली तर तिरका.

दादाने आपला प्रभाग शोधला. गेल्या खेपेला तो जांभळ्या पक्षाकडून निवडून आला होता. यंदा तिकीट कापले म्हणून पिवळ्यांकडे गेला होता. त्याच्या प्रभागाचा पट्टा जांभळ्यातून निघून झोकात तिरका होत पिवळ्यात शिरला होता.

"निवडून आलो," दादा म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले.

खरे तर निकाल अजून एकही आला नव्हता. पट्टे नीट वळतात का हे बघायला धाकट्याने सकाळी मनानेच आकडे भरले होते. त्यावर 'नमुना' असे लिहायचे असते, ते कंटाळ्याने राहिले होते.

"दादा, हे अजून..."

"थांब रे. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये." दादाने खिशातून फोन काढला.

जांभळ्यांच्या अध्यक्षांचा निरोप कालच घरी आला होता. हरलास तरी परत ये, पाणी समितीवर घेतो, पण निकालाआधी हो म्हण. वहिनी रात्रभर हो म्हणा म्हणून मागे लागली होती.

धाकट्याने पुन्हा तोंड उघडले. मग मिटले. या वेळी त्याला कुणी थांबवले नव्हते.

"अध्यक्षसाहेब, तुमची समिती घाला चुलीत," दादा फोनवर मोठ्याने बोलत होता. "तुमच्या दारात उभा राहायला मी काही तुमचा घरगडी नाही. पुन्हा फोन करू नका." कार्यकर्त्यांनी त्याची पाठ थोपटली. धाकट्याने शांतपणे कळफलक पुढ्यात ओढला.

कार्यकर्त्यांनी मागवलेला चहा संपायच्या आत मोजणीवरच्या बातमीदाराचा फोन आला. धाकट्याने आकडे टिपले आणि भरले. दादाच्या प्रभागाचा पट्टा पिवळ्यातून सुटला आणि जांभळ्यातून जांभळ्यात सरळ जाऊन पडला.

कार्यकर्ते फोन कानाला लावून बाहेर गेले, ते परत आले नाहीत. दादाने धाकट्याचा हात धरला. असा हात त्याने कधी धरला नव्हता.

"अध्यक्षांना तू सांग ना. चूक तुझ्या चित्राची होती म्हणून. तुझं ऐकतील ते."

"मोठ्या माणसांत मी काय बोलणार, दादा?" धाकट्याने हात सोडवून घेतला. लिहायला त्याला तो हात हवा होता.

सरळ पट्ट्यावर त्याने ठळक अक्षरांत लिहिले : जाहीर.