टर्बोला लिंबू-मिरची

दुधिवऱ्याच्या खिंडीचा चढ लागला आणि निवृत्तीनं आरशात पाहिलं. मागच्या वळणावर हौशीरामाची नवी पांढरी गाडी दिसली. निवृत्तीच्या पोटात कळ आली. साडूनं गाडी घेतल्यापासून ती रोजच यायची.

"येऊ दे, आज येऊच दे," तो पुटपुटला.

"कोन येतंय?" मागच्या सीटवरून सरूबाईंनी विचारलं. भाचीच्या पोराचं बारसं लोणावळ्याला, आणि सासूबाई हौशीरामाच्या गाडीत बसू नयेत म्हणून निवृत्तीनं त्यांना तासभर आधीच घरातून उचललं होतं. बाईंच्या वेणीत अजून कंगवा होता.

"तुमचा धाकटा जावई, मामी."

"हौशीराम व्हय? लय मऊ चालवतो बाई. परवा तळेगावला गेलतो तर मला डोळाच लागला. त्याच्या गाडीत ते टर्बो का काय हाय म्हनं."

ह्याच वाक्याची निवृत्ती पवनानगरपासून वाट बघत होता. "आता माज्या बी गाडीत हाय!"

"बारा वर्सांच्या गाडीला टर्बो," शेजारी बसलेली त्याची बायको अनघा खिडकीकडं बघत म्हणाली. "आन् घरातल्या मिक्सरला झाकान न्हाई."

इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा हा टर्बो एका ठोकलेल्या गाडीतून काढलेला. सोमाटण्याच्या रखमाजी मिस्त्रीनं तो चार दिवस खपून बसवला आणि हात पुसत सांगितलं, "भाऊ, इंजिन जुनंच हाय. आजोबाला पैलवानाचा खुराक चारल्यागत हाय हे. चढाला दाबू नका, टर्बो तव्यावानी तापंल." निवृत्तीनं मान डोलावली. चढाला दाबायचं नाही तर तो काय देव्हाऱ्यात ठेवायला आणला होता?

आज शनिवार. सगळं मावळ लिंबू-मिरची बंपरला बांधतं. निवृत्ती सकाळी बंपरपुढं उकिडवा बसला आणि विचारात पडला. ह्या चेपलेल्या बंपरवर जळणार कोण? लोक जळणार ते टर्बोवर. मग राखण कशाची करायची? त्यानं बॉनेट उघडलं, एक लिंबू आणि सात मिरच्या तारेनं थेट टर्बोच्या मानेला बांधल्या, आणि समाधानानं बॉनेट लावून टाकलं.

हौशीराम जवळ आला. थोरल्या साडूला मान म्हणून त्यानं दोनदा हळूच हॉर्न वाजवला आणि अलगद पुढं निघून गेला.

"बघितलं? डिवचतोय!" निवृत्तीनं पाय दाबला.

बॉनेटखालून बारीक शीळ घुमली.

"कोन मेलं शिट्टी मारतंय?" सरूबाई पदर सावरत म्हणाल्या.

"टर्बो, मामी, टर्बो!"

आणि खरंच, गाडीनं उसळी घेतली. सपाटीचा तुकडा आला तशी निवृत्तीनं गाडी बाहेर काढली आणि हौशीरामाच्या बरोबरीला आणली. आता फक्त एकच बघायचं होतं, साडूचं तोंड. काळं पडलेलं. त्यानं मान वळवली.

हौशीराम पेरू खात होता.

निवृत्तीनं हॉर्न दाबून धरला. हौशीरामानं वळून पाहिलं, तोंडभर हसला, आणि दाजींना घाई दिसतीय असं समजून गाडी हळू करून त्यांना वाट दिली. वर हातानं "जा, जा" पण केलं.

पोटातली कळ छातीत चढली. निवृत्तीनं पाय आणखी दाबला.

आधी अनघा शिंकली. मग सरूबाई खोकल्या. मग एसीच्या जाळीतून निळसर धूर आला आणि गाडीत कुणाला काही बोलता येईना. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. निवृत्तीनं कशीबशी गाडी कडेला घेतली. दारं उघडली आणि दोघी रस्त्याच्या बाजूला वाकून खोकत बसल्या.

हौशीराम मागून आला, थांबला, पेरू बाजूला ठेवून धावला. त्यानं फडक्यानं बॉनेट उचललं आणि तोही चार पावलं मागं उडाला. आत टर्बो लालभडक. त्याच्या गळ्यात लिंबू चरचरतंय आणि सात मिरच्या तडतडून जळतायत.

"दाजी," खोकता खोकता तो म्हणाला, "हे वो काय? टर्बो बसवला? कशापायी? चांगली तर चालली होती तुमची गाडी!"

त्याच्या आवाजात नुसती काळजी होती. निवृत्तीला वाटलं, ह्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरूबाईंनी पदरानं डोळे पुसले. जळत्या मिरच्यांकडं एकदा नीट पाहिलं. चाळीस वर्षं गावातल्या पोराबाळांच्या दृष्टी काढलेली बाई ती.

"जावई, एक बरं झालं," त्या म्हणाल्या. "दृष्ट लागली असती तर मिरच्या जळूनबी ठसका लागला नसता. हितं समदी खोकून मरत्यात. म्हंजी तुमच्या गाडीवर कुनाची नजरच न्हाई. एकाचीबी न्हाई."

"असं कसं, मामी?" निवृत्ती म्हणाला.

"असंच असतंय. चल गं अनघे, हौशीरामाच्या गाडीत बसू. बारसं हुकंल."

दोघी निघाल्या. हौशीरामानं पिशव्या उचलल्या, अजून खोकतच.

"थांबा, मामी!" निवृत्ती ओरडला. तो बॉनेटवर वाकला, तोंड पार धुरात घातलं आणि नाकानं जोरात वास ओढला. कानशिलं लाल झाली. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागून शर्टावर टपटप पडायला लागल्या.

"मला," दात आवळून तो म्हणाला, "मला तर काय वासच येईना."