करकर

अमरनाथने श्वास धरला आणि बटण अर्धं दाबलं. कानाशी पुन्हा तोच आवाज आला. करकर, करकर. सुक्या लाकडावर कानस घासावी तसा.

सकाळचे दहा वाजले होते. ईट गावच्या माळावर, दगडी बांधाला लागून तो पालथा पडला होता. समोर वीतभर अंतरावर, गवताच्या बुडाशी एक कोळीण बसली होती, आणि तिच्या पाठीवर पिल्लांची दाटी होती. नव्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगला नमुना मिळाला नसता. मोबाइल थरथरला की फोटो हलतो, म्हणून तो त्याने मित्राच्या, शौनकच्या स्कूटरच्या डिकीतच ठेवला होता.

तो हलला की आवाज, थांबला की शांत. फोकसची मोटर गेलेली असली की असंच होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने दुरुस्त केलेली लेन्स नवी म्हणून त्याच्या गळ्यात मारली होती, तीही अशीच कुरकुरायची.

पण हा कॅमेरा शौनकने मागवून दिला होता. शौनकचा तुळजापुरात फोटो स्टुडिओ. दोघं एकाच उसन्या कॅमेऱ्यावर, पाळीपाळीने शिकले, त्याला अठरा वर्षं झाली. आज सकाळी त्याने खोका हातात दिला तेव्हा सील फोडलेलं होतं. तपासायला मीच फोडलं, असं तो म्हणाला होता. अमरनाथने मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. कॅमेरा खराब निघाला तर परत करता येतो. शौनक खोटा निघाला तर काय करायचं?

शौनक वीस पावलांवर, बाभळीखाली स्कूटरवर बसून होता. लग्नाचे फोटो काढणारा माणूस तो. या माळावर फुरशी लई, दगडाखालचा एवढासा सापही माणूस घेतो, असं आल्या आल्या बजावून त्याने जी बैठक मारली होती, ती मोडली नव्हती.

अमरनाथ कपडे झटकत उठला आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. शौनकने बाभळीवर नेम धरून दहा-बारा वेळा बटण दाबलं. मला तर काही ऐकू येत नाही, म्हणाला.

"उभ्यानं न्हाय येत. किड्याजवळ नेला की करकरतो. तिथं येऊन ऐक."

शौनकने बांधाकडे एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. "तूच ऐकलंस ना. बास झालं."

अमरनाथला ती नजर टोचली. इतका वेळ दाबून धरलेलं तोंडून निघून गेलं. "सील कुणी फोडलं, खरं सांग."

शौनकने हँडलवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "अठरा वर्षांत भरोसा न्हाय बसला तुझा?"

अमरनाथने त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

"संध्याकाळी दुकानावर आणून दे. दुसरा मागवतो. चल, गावात सोडतो तुला."

"तू जा. म्या चालत येतो."

शौनकने किक मारली आणि मागे न पाहता निघून गेला. अमरनाथला फार वाईट वाटलं, हाक मारावीशीही वाटली, पण हट्टापायी त्याने मारली नाही. स्कूटर डांबरी रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

आता पुरावाच करायचा, असं त्याने ठरवलं. व्हिडिओत आवाज पकडला की शौनकला बोलायला जागा उरणार नव्हती. तो पुन्हा बांधाला लागून पालथा पडला, कोपर मघाच्याच खळग्यात रोवलं. कोळीण जागची हलली नव्हती.

आवाज लगेच आला, आणि आधीपेक्षा मोठा. पडद्यावरचा लाल ठिपका चालू होता. खरा ठरलो याचं त्याला समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची लाजही वाटली.

तेवढ्यात पडदा काळा पडला. चार्ज संपला होता. पुटपुटत त्याने झाकण उघडलं आणि दुसरी घालायला म्हणून बॅटरी काढून तळहातावर घेतली.

करकर थांबली नव्हती. खवल्यावर खवला घासावा तशी ती कोपराजवळच्या दगडाखालून येत होती.