मालबाबूचे दहाजण

रेल्वेचा मालबाबू रजेवर गेला नाही, तर रंगरावांचा फायदा उघड होता. त्यांच्या रुईच्या गाठी मलकापूरच्या मालधक्क्यावर पडून होत्या आणि वॅगन नंबरानं मिळे. नंबर पाळणारा बाबू एकच, एलोजी झिराडकर. त्याच्या जागी नांदुऱ्याहून येणारा बदली बाबू इंद्रभान अडत्याचा सख्खा मेव्हणा. तो आला की इंद्रभानच्या गाठी पुढे, रंगरावांच्या तिथंच, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

झिराडकर मुंबईचा, बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण घरात मराठीच बोलणारा. रजा कशाला, हे रंगरावांनी त्याच्या बायकोकडून, मिलकाबाईकडून, काढून घेतलं होतं. सासऱ्यांचं वर्ष होतं. मुलानं बापासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची, आणि तिला दहा पुरुष लागतात.

"आमच्या मुंबईच्या उमरखाडीत खिडकीतून हाक मारली की चहा उकळायच्या आत दहा जमतात," ती म्हणाली होती. "जिन्यात भांडणारेसुद्धा येतात. इथे कुठून आणायचे?"

दहा पुरुषांसाठी माणूस मुंबई गाठतो, याचं रंगरावांना हसूच आलं. मलकापुरात पुरुषांचा काय दुष्काळ?

म्हणून आज सकाळी, मुंबईची गाडी यायच्या आत, ते माणसं घेऊन मालबाबूच्या दारात हजर झाले. बाजाराचा दिवस असून सगळे आंघोळ करून आले होते. कडूबानं नारळ आणला होता, वैजनाथ गुरवानं बेलाची पानं.

एलोजी ट्रंकेला दोरी बांधत होता.

"हे काय, रंगराव?"

"दहा लागतात ना तुमाले? मोजा. आठ आमी, नववे निवृत्तीबुवा मागून येऊनच राह्यले, दहावे तुमी. आता काऊन जाता मुंबईले?"

"गोत्र काय सांगू, बाबूसाहेब?" वैजनाथनं विचारलं.

"चूप बस बे," कडूबा म्हणाला. "तिकडं गोत्र नसते. तिकडं नंबर असतो."

हशा पिकला. एलोजी काही बोलायच्या बेतात होता, तेवढ्यात म्हातारे निवृत्तीबुवा काठी टेकत, धापा टाकत फाटकातून आत आले. "मले उशीर झाला का, बाबू? माह्या भावाले तुमी खांदा देल्ला होता. मी कसा नाही येणार?"

एलोजीनं दोरी खाली टाकली. "चपला काढा. टोप्या, पागोटी राहू द्या."

तो पश्चिमेकडे, त्यांच्या पवित्र नगरीच्या दिशेनं, तोंड करून उभा राहिला. नऊजण सवयीनं पूर्वेकडे वळले होते, ते पुन्हा फिरले. प्रार्थनेचं पुस्तक उघडून तो वाचू लागला. त्यानं हात उचलला की सगळे "आमेन" म्हणत. कडूबा तर असा, की लाइनीपलीकडचे बैल दचकावेत. रंगरावांचं लक्ष पुस्तकावर होतं. एका पानाशी बाबू थांबला. त्यावर हात फिरवला, दोन पानं एकदम उलटली आणि पुढचं वाचू लागला.

मग मिलकाबाईनं गूळ-खोबऱ्याचे पोहे वाटले. एलोजीनं रेल्वेचा कोट चढवला आणि रजा रद्द करायला स्टेशनात गेला. मुंबईची गाडी येऊन उभी राहिली होती.

"पोचलं ना वैनी, सासऱ्याले?" रंगरावांनी पोह्यांचा घास घेत विचारलं.

"कद्दीश म्हटलंच नाही त्यांनी, भाऊ," ती हळू म्हणाली. "दहाच्या दहा आमचेच लागतात."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुम्ही सगळे आंघोळ करून आला होता ना."

रंगरावांचं चावणं थांबलं. अजून हाक मारली असती तर बाबूला गाडी सापडली असती. त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग धक्क्यावरच्या गाठींकडे पाहिलं. मग दुसरा घास घेतला.

गाडी गेली.

दुपारी रंगरावांचा नंबर लागला. त्यांना वॅगन मिळाली, गावाला पोहे, निवृत्तीबुवांना भावाच्या खांद्याची फेड केल्याचं समाधान. मालबाबूची रजासुद्धा शिल्लक पडली. मुंबईच्या कबरस्तानातला म्हातारा तेवढा उपाशी राहिला.