जीपमधून केलेला नमस्कार

खाटेवर वेस्ताचे प्रेत पाहून शांतवन पाळकांनी टोपी काढली. सातपुड्यातले पाडे ते पायी फिरत, तेव्हा रात्रीचा मुक्काम याच झोपडीत असे. बाप्तिस्म्यावरून दोघांची हुज्जत चाले, वेस्ता हसून म्हणे, “मी कुठं पळून चाललोय, पाद्रीबाबा?” पुढे मिशनने जीप दिली, पाडे वाढले आणि मुक्काम सुटले.

“निरोप का नाही धाडलास, बाई?” पाळकांनी त्याच्या बायकोला विचारले.

“धाडायचा कशाला? उन्हाळाभर दर रविवारी तोच जाऊन रस्त्यावर उभा राहायचा. बाप्तिस्मा घ्यायचा होता त्याला. हात वर करून गाडी थांबवायला बघायचा.”

पाळकांना तो हात आठवला. नमस्कार समजून त्यांनीही प्रत्येक वेळी जीपमधून हात हलवला होता.

“रागावला नाही हं,” ती म्हणाली. “म्हणायचा, पाद्रीबाबाला पुढच्या पाड्यावर कुणीतरी बोलावलं असेल. त्याचं माझ्यापेक्षा जास्त अडलं असेल.”

 पुढच्या पाड्यावर कोणाचेच काही अडलेले नव्हते. तिथे पाळक फक्त दुपारी जेवायला थांबत.