आखाजीचा झोका

इंग्लंडात शिकणाऱ्या दिपमालाताईचा फोन पाचोऱ्याला आला. शिक्षण झाल्यावर नोकरीसाठी तिथं दोन वर्षं राहता यायचं, आता नियम बदलून दीडच वर्ष केलं होतं. ताईचा आवाज रडवेला, आणि इकडे रत्नाच्या गालात हसू मावेना. ताई सहा महिने आधी घरी येणार!

"बहीण रडी ऱ्हायनी, नि तुले हासू सुचस?" वडील, नाना, तिच्यावर डाफरले आणि तोंड पाडून बाहेर गेले.

थोड्या वेळानं रत्ना हिरमुसून अंगणात आली. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी आल्या की बांधतात तो आखाजीचा झोका निंबाला बांधून नाना स्वतःच त्यावर बसले होते.

"नाना, ताई यायला अजून केवढा वेळ आहे."

"फांदी तिले झेलस का, पाही ऱ्हायनू," नाना म्हणाले. "उभी काय ऱ्हायनी? झोका दे ना."