समक्ष मोजले, बरोबर आहे

"आठशे चाळीस," यशोधराबाई म्हणाल्या आणि कादरने चहाच्या पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं.

दोन्ही गोष्टींचा संबंध होता. कुरवंड्याच्या कड्यावर आकडा चढला की गर्दी चढायची आणि गर्दी चढली की दूध कमी पडायचं. नोव्हेंबरअखेरचे हे चार दिवस म्हणजे कादरची ईद आणि गावची जत्रा एकदमच. पुण्याहून गाड्या भरभरून माणसं यायची, बंदुकीएवढे कॅमेरे आभाळाकडे रोखायची आणि पार चीनच्या पलीकडून आफ्रिकेला निघालेल्या अमूर ससाण्यांची वाट बघायची. ससाणे इथून कोकणात उतरणार, मग समुद्र ओलांडणार. माणसं चहा पिणार.

यशोधराबाई पुण्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सहा वर्षं मोजणी त्यांच्याकडे होती. खुर्ची कड्याच्या टोकाला, टोपी डोळ्यांवर, मुठीत टिकटिक करणारं यंत्र. समोरच्या नागफणी सुळक्याच्या डाव्या अंगाने ससाणा आला की टिक. उजवीकडे दिसेनासा झाला की तो आफ्रिकेला गेला.

तो आफ्रिकेला जात नाही, हे कादरला पहिल्याच वर्षी कळलं होतं. उन्हं तापली की कड्यावरून वारा वर उसळतो. ससाणे त्यावर आरामात बसतात, नागफणीच्या मागून वळसा घालतात आणि डाव्या अंगाने पुन्हा हजर. बाई खुर्ची वळवत नसत. कादरची टपरी खुर्चीच्या मागे, जरा उंचावर होती. तिथून अख्खी फेरी दिसायची.

"आला बग," त्याने शेजारी कणसं भाजणाऱ्या कोंडाजीला कोपराने ढोसलं. "डाव्या पंखात पीस नसलेला. सकाळधरनं अकरावी खेप."

"उर्श्याच्या टोलवरनं एवढ्या खेपा मारल्या असत्या तर भिकंला लागला असता," कोंडाजी म्हणाला. "सांगून टाक की बाईला."

"म्या कशाला सांगू? आकडा त्यांचा, गिऱ्हाईक आपलं."

सांगायची आणखी एक अडचण होती. दर वर्षी मोजणीच्या कागदाखाली स्थानिक साक्षीदार म्हणून सही कादरचीच असायची, 'समक्ष मोजले, बरोबर आहे.' सहीचा त्याला दांडगा सराव. कड्यावरून कुणी पर्यटक घसरला की पंच म्हणून सगळ्यात जवळचा माणूस तोच. वीस वर्षांत नऊ पंचनामे झाले, पण वडगावच्या कोर्टात त्याची सही एकदाही डगमगली नव्हती. गावात बांध मोजायचा असो की भावाभावांची वाटणी, लोक म्हणत, कादरची सही घ्या. त्याची बायको चाँदबी तर चारचौघांत सांगायची, "आमच्याकडचा चहा पातळ असंल, सही न्हाई."

साडेचार वाजता यशोधराबाई खुर्चीतून उठल्या. "एक हजार!"

टाळ्या पडल्या. कादरने आनंदाच्या भरात सगळ्यांना एकेक चहा फुकट जाहीर केला. यंदा पहिल्यांदाच वनखात्याचे एक साहेब आले होते. ते घसा खाकरून उभे राहिले.

"राखीव क्षेत्रासाठीची हजार ससाण्यांची अट आज पूर्ण झाली. प्रस्ताव याच आठवड्यात जाईल. आता या कड्यावर गाडी नाही, धूर नाही, टपरी नाही!"

टाळ्या दुप्पट झाल्या. कोंडाजीनेही सवयीने वाजवल्या आणि मग शेगडीकडे बघून थांबला.

कादरने ट्रे खाली ठेवला. "साहेब, हजार न्हाईत ते."

"म्हणजे?"

"तेच तेच हायेत. डोंगराला वळसा घालून परत येत्यात. त्यो बगा, पीस नसलेला. पंधरावी खेप त्याची."

सगळ्यांनी माना वर केल्या. ससाणा संथपणे समोरून गेला. शांततेत फक्त यशोधराबाईंच्या मुठीतून आवाज आला. टिक.

साहेबांनी फाइल उघडली. मागच्या पाच वर्षांचे पाच कागद होते. "या सह्या कुणाच्या?"

"माज्याच."

"मग काही अवघड नाही," साहेब समजुतीने म्हणाले. "एवढंच लिहून द्या की या पाचही सह्या खोट्या होत्या. आम्ही पुन्हा मोजू. पहिल्यापासून."

त्यांनी एका हातात कोरा कागद धरला, दुसऱ्या हातात यंदाच्या मोजणीचा. मध्ये पेन.

कादरने पेन घेतलं. कोऱ्या कागदाकडे हात नेला. एवढ्यात मागून कोंडाजी बोलला, अगदी हळू. त्याच्या शेगडीवरचं कणीस एका बाजूने काळं पडत होतं.

"कादर, माज्या बांधाचं बी असंच हाय का रं?"

कादरचा हात थबकला. त्याने टपरीकडे पाहिलं. मग कोंडाजीकडे. मग मोजणीच्या कागदावर, नेहमीच्या जागी, नेहमीच्या अक्षरात लिहिलं, 'समक्ष मोजले, बरोबर आहे.' आणि खाली सही केली.

गाड्या उतारावरून निघून गेल्या. यशोधराबाई तेवढ्या दुर्बीण पुसत मागे राहिल्या होत्या. कादरने पातेल्यातला उरलेला चहा ग्लासात ओतून त्यांच्यापुढे धरला.

"मॅडम, तुमी एवढ्या शिकलेल्या. सहा वर्षांत तुमाला खरंच दिसलं न्हाई?"

बाईंनी ग्लास उन्हाकडे धरला. चहातून पलीकडची नागफणी स्वच्छ दिसत होती.

"कादरभाऊ, मीही सहा वर्षं तुमचा चहा पितेय," त्या म्हणाल्या. "त्यातलं पाणी कधी मोजलं?"